लहानपणीच्या रहस्यकथांकडे परत: शोध, पारख, जतन आणि पुनर्वाचन

दोन पिनांनी टाचलेली, भडक मुखपृष्ठाची, शंभरेक पानांची रहस्यकथा ही मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी स्वतःच्या मर्जीने केलेली पहिली निवड होती. पाठ्यपुस्तके शाळा ठरवीत असे आणि घरातल्या कपाटातली पुस्तके वडीलधारी मंडळी ठरवीत असत. पण नाक्यावरच्या वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने आणलेली झुंजारची किंवा कॅप्टन दीपची कादंबरी मुलाने स्वतः निवडलेली असे आणि बहुधा पाठ्यपुस्तकाच्या आड धरूनच ती वाचली जात असे. ही पुस्तके कोणी जपून ठेवली नाहीत, कारण ती जपण्यासाठी छापलेलीच नव्हती. पन्नाशी-साठी गाठलेला वाचक जेव्हा ती पुन्हा शोधू लागतो, तेव्हा त्याला ती दुकानाच्या मांडणीवर नव्हे, तर रद्दीच्या गठ्ठ्यात, बंद पडलेल्या वाचनालयांच्या शिलकीत आणि नातेवाइकांच्या माळ्यावर शोधावी लागतात.

या छंदाकडे परतणाऱ्यांची एक नेहमीची अडचण असते. उत्साहाच्या भरात गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेतले जातात, कपाट भरते आणि वाचन मात्र होत नाही. म्हणून पुढील सर्व सूचना एकाच नियमावर बेतलेल्या आहेत: हातातले पुस्तक वाचून झाल्याखेरीज पुढचे घ्यायचे नाही. हा नियम वरकरणी कडक वाटतो. परंतु तो पाळला की पैशाचा, जागेचा आणि निवडीचा असे तिन्ही प्रश्न बरेचसे सुटतात, कारण त्या लेखकाचे आणखी काही आपल्याला खरोखर हवे आहे की नाही, हे वाचल्यावरच कळते.

आधी वही, मग बाजार

शोधाला निघण्यापूर्वी एक साधी वही घ्यावी आणि जे आठवते ते तसेच्या तसे लिहून काढावे. नायकाचे नाव, मुखपृष्ठावरचे चित्र, कथेतला एखादा प्रसंग, पुस्तक कोणत्या वाचनालयातून आले होते आणि आपण तेव्हा साधारण कितवीत होतो, एवढे पुरेसे आहे. शीर्षकावर फारसा भरवसा ठेवू नये. रहस्यकथांची शीर्षके एकाच साच्याची असत; रात्र, सावली, खून, सूड, काळा, लाल अशा मोजक्या शब्दांच्या उलटसुलट जोडण्या झाल्यामुळे चाळीस वर्षांनंतर ती एकमेकांत मिसळून जातात. प्रसंग मात्र टिकतात. भाऊ-बहिणींना आणि शाळेतल्या मित्रांना दूरध्वनी करून हीच माहिती विचारावी. एकच प्रत सात-आठ मुलांत फिरत असल्यामुळे जे आपल्याला आठवत नाही ते दुसऱ्या कोणाला हमखास आठवते.

यातली ‘कितवीत होतो’ ही नोंद फार उपयोगाची ठरते, कारण तिच्यावरून लेखकाचा अंदाज बांधता येतो. बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड आणि धनंजय हे त्यांचे नायक स्वातंत्र्याच्या आगेमागे शाळेत असलेल्या मुलांपासून पुढे कित्येक वर्षे वाचले जात राहिले. सत्तरच्या दशकात शाळेत असलेल्यांच्या वहीत बहुधा गुरुनाथ नाईक यांचे गोलंदाज आणि कॅप्टन दीप सापडतील. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांचे दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास हे त्यानंतरचे. भयकथांच्या वाटेने गेलेल्यांना नारायण धारप (१९२५–२००८) आठवतील, आणि वय दहा-बाराच्या आतले असेल तर पहिल्या पानापासून सायकल दामटणारा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवल्याशिवाय राहणार नाही. कित्येकदा आठवणीतली गोष्ट पुस्तकातली नसतेच. ती ‘चांदोबा’, ‘किशोर’ किंवा एखाद्या दिवाळी अंकातली निघते. ‘किशोर’ हे मासिक बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केले आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकीय रूपात विनामूल्य खुले केले आहेत; तेव्हा रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी ते एकदा चाळून पाहावेत.

कोणाचे, किती

हजाराहून अधिक पुस्तके लिहिलेल्या लेखकाचे ‘सगळे’ जमवण्याचा संकल्प करणे म्हणजे छंदाचे रूपांतर कारकुनीत करणे होय. संग्रहाला सीमा हवी आणि ती आपल्या वहीतून निघायला हवी. एकच नायक, एकच मुखपृष्ठ-चित्रकार, किंवा आपल्या पाचवी ते दहावीच्या काळात बाजारात आलेली पुस्तके, यांपैकी कोणतीही एक सीमा चालेल. माझ्या मते यांतली तिसरी सर्वांत समाधानकारक आहे, कारण ती इतर कोणाच्याही यादीशी जुळत नाही आणि तिच्यात लेखकांची सरमिसळ होत असल्यामुळे वाचनही कंटाळवाणे होत नाही.

ज्यांना एखादी मालिका पूर्ण झाल्याचे सुख हवेच असेल, त्यांनी फास्टर फेणेपासून आरंभ करावा. मालिका सुमारे वीस पुस्तकांची आहे आणि तिच्या नव्या आवृत्त्या निघत आलेल्या आहेत, त्यामुळे ती आटोक्यात राहते. मुखपृष्ठांचे वेड असलेल्यांनी रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या चित्रांवर लक्ष ठेवावे. देवदेवतांच्या दिनदर्शिकांमुळे घराघरांत पोहोचलेल्या या चित्रकाराने अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही रंगवली, आणि पिस्तूल रोखलेला नायक व त्याच्या मागे पसरलेला गडद निळा किंवा जांभळा अंधार ही त्या काळाची जी प्रतिमा आपल्या डोळ्यांपुढे येते, तिच्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मुखपृष्ठासाठी घेतलेल्या प्रतीचे आतले अंग फाटके असले तरी चालते. वाचनासाठी घेतलेल्या प्रतीचे चालत नाही. कोणती प्रत कशासाठी घेतली, हे खरेदीच्या वेळीच स्वतःशी स्पष्ट असावे.

नव्या आवृत्त्या आणि वाचनालय

धारप, शिरवळकर आणि भागवत यांची बरीच पुस्तके पुनर्मुद्रित झाली आहेत आणि अर्नाळकरांच्या निवडक कथाही पुन्हा छापल्या गेल्या आहेत. जुनी प्रत शोधण्याआधी नवी प्रत घेऊन किंवा वाचनालयातून आणून ती गोष्ट वाचावी. ती आजही आवडली तर जुन्या प्रतीमागे लागण्यात अर्थ आहे. नाशिककरांना यासाठी दूर जावे लागत नाही. टिळक पथावरचे सार्वजनिक वाचनालय, म्हणजेच आपले ‘सावाना’, १८४० साली स्थापन झालेले आहे आणि राज्यातील सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. तिथे ‘रहस्यकथा’ एवढेच विचारून थांबू नये. लेखकाचे नाव देऊन नोंदी पाहाव्यात आणि देवघेव विभागातील जुन्या कर्मचाऱ्यांशी बोलावे, कारण सलग मागणी नसलेली पुस्तके मागच्या मांडणीवर गेलेली असतात आणि ती कुठे आहेत हे नोंदीपेक्षा माणसांना अधिक ठाऊक असते.

नाशिकमधला शोध

जुन्या पुस्तकांचा खरा पुरवठा रद्दीतून होतो आणि रद्दीला हंगाम असतो. दसऱ्याच्या आधीची साफसफाई, शाळांची वार्षिक परीक्षा संपल्यानंतरचे दिवस आणि जुन्या नाशिकमधला एखादा वाडा पुनर्बांधणीसाठी रिकामा होण्याचा काळ, हे तीन प्रसंग साधावेत. तिवंधा, दहीपूल, भद्रकाली या भागांतल्या वाड्यांच्या माळ्यांवर पत्र्याच्या ट्रंका असतात आणि वाडा सोडताना त्या उघडल्या न जाताच वजनावर जातात. ओळखीच्या घरात असे काही होणार असेल, तर आधीच सांगून ठेवावे आणि पुस्तके बाजूला काढून देणाऱ्याला रद्दीच्या भावापेक्षा बरा मोबदला द्यावा. फुकट मागण्याची सवय लावून घेतली की दुसऱ्यांदा निरोप येत नाही.

रद्दीवाल्याशी संबंध जोडणे हे या छंदातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि ते एका भेटीत होत नाही. सिडको, सातपूर, नाशिकरोड या भागांत कामगार वस्ती मोठी असल्यामुळे तिथे भाड्याच्या वाचनालयांची चलती होती, म्हणून त्या बाजूच्या रद्दीच्या दुकानांत फेरी ठेवावी. दुकानदाराला लेखकांची नावे सांगून उपयोग होत नाही. त्याला आकार सांगावा, तळहाताएवढे पातळ पुस्तक आणि वर बंदूक किंवा बाई, एवढे वर्णन पुरते. शिवाय अशा एखाद्या पुस्तकाचे छायाचित्र त्याच्या भ्रमणध्वनीवर पाठवून ठेवावे. वजनाचा भाव आणि नगाचा भाव यांत घासाघीस करण्यापेक्षा पहिल्या दिवशीच प्रत्येक नगाचा एक ठरावीक दर दोघांनी मान्य करावा. ‘दुर्मीळ’ हा शब्द त्याच्यापुढे चुकूनही उच्चारू नये.

बुधवारी गोदावरीकाठच्या गंगाघाटावर भरणाऱ्या बाजारात जुन्या वस्तूंकडे नजर टाकत फिरण्यास हरकत नाही. मात्र केवळ पुस्तकांसाठी म्हणून तिथे जाणाऱ्याच्या पदरी बहुतेक वेळा भाजीच येते. शहरातली पुस्तक प्रदर्शने नव्या आवृत्त्यांसाठी बरी. जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांची वाचनालये हा अधिक चांगला मार्ग आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा असून त्याखाली मान्यता असलेली ग्रंथालये गावोगावी आहेत आणि जीर्ण पुस्तके ती रीतसर बाद करतात. अशी पुस्तके विकत घेताना त्यांवर बाद केल्याचा शिक्का किंवा नोंद आहे ना, हे पाहावे. नुसताच वाचनालयाचा शिक्का असेल, तर ते पुस्तक कधी काळी कोणी परत केलेले नाही अशी शक्यता असते. ते वाचनालय अजून चालू असेल तर त्यांना विचारूनच ठेवावे.

मुंबईची फेरी करायची झाल्यास सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परतता येते. फोर्ट आणि माटुंगा भागांतल्या पदपथांवरचे विक्रेते इंग्रजी पुस्तकांसाठी प्रसिद्ध असले, तरी त्यांच्याकडे मराठी गठ्ठा बाजूला पडलेला असतो आणि त्याला त्यांच्या लेखी फारशी किंमत नसते. संगणकावरून खरेदी करणाऱ्याने मुखपृष्ठ, पहिले पान, शेवटचे पान आणि पुस्तकाचा कणा अशी चार छायाचित्रे मागितल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

प्रत हातात आल्यावर

सर्वांत आधी शेवटचे पान पाहावे. इतर कोणत्याही प्रकारच्या पुस्तकात शेवटचे पान नसणे ही उणीव ठरते; रहस्यकथेत ते नसेल तर पुस्तकच नाही असे समजावे, आणि टाचलेल्या पुस्तकाचे बाहेरचे पान सर्वांत आधी सुटते हेही तितकेच खरे आहे. त्यानंतर पानांचे क्रमांक सलग आहेत का ते पाहावे. भाड्याच्या वाचनालयांत टिकाऊपणासाठी दोन-तीन पातळ कादंबऱ्या एकत्र बांधून त्यांवर पुठ्ठा चढवीत असत आणि त्या वेळी मूळ मुखपृष्ठे काढून टाकीत किंवा पुठ्ठ्यावर चिकटवीत. अशा बांधणीत मधल्या कादंबरीचे पहिले पान हमखास गळालेले असते. बाकी वाचायला या बांधलेल्या प्रती उत्तम असतात, कारण त्यांची शिवण भक्कम असते. संग्राहक त्यांना नाक मुरडतात म्हणून त्या स्वस्तही मिळतात.

पानांवर फिकट तपकिरी रेषेने संपणारा ओलीचा डाग दिसला तर पुस्तक पाण्यात होते असे समजावे. गोदावरीच्या २००८, २०१६ आणि २०१९ सालच्या पुरांत सराफ बाजार आणि भांडी बाजाराच्या परिसरात पाणी शिरले होते, त्यामुळे घाटाजवळच्या घरांतून आलेल्या गठ्ठ्यांत असे डाग सापडणे स्वाभाविक आहे. डाग जुना आणि कोरडा असेल तर चिंता नाही. कुबट वास येत असेल आणि पानांवर मखमलीसारखा थर दिसत असेल, तर बुरशी जिवंत आहे. मग ते पुस्तक कितीही हवेहवेसे असले तरी घरातल्या इतर पुस्तकांजवळ नेऊ नये. पुस्तक उलटे धरून पांढऱ्या कागदावर हळूच आपटावे. बारीक भुसा पडला तर कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, आहे, आणि तो भुसा ताजा पिवळसर असेल तर ती अजून कामावर आहे.

पहिल्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने ‘खुनी वकील आहे’ असे लिहून ठेवलेले असण्याची शक्यता ध्यानात घेऊन ते पान विक्रेत्याला चाळायला सांगावे. भाड्याच्या वाचनालयांचे हे एक खास उपद्व्यापी दालन होते आणि त्या अज्ञात लेखकूंना अजून कोणी माफ केलेले नाही.

पुस्तकाचे साल कसे ओळखावे

या पुस्तकांवर प्रकाशनाचे साल पुष्कळदा नसते. विक्रेत्याला पुस्तक जुने वाटू नये असे प्रकाशकाला वाटे, म्हणून ते गाळले जात असावे. तरीही पुस्तक स्वतःच बरेच काही सांगते आणि संग्रहातला माझ्या दृष्टीने सर्वांत रंजक भाग हाच आहे.

पहिली खूण किमतीची. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. किंमत आण्यांत छापलेली असेल तर पुस्तक बहुधा त्यापूर्वीचे आहे. किंमत ‘नवे पैसे’ अशी असेल तर ते १९५७ ते १९६४ या सात वर्षांतले ठरते, कारण १ जून १९६४ पासून ‘नवे’ हे विशेषण सोडून देण्यात आले. नुसते ‘पैसे’ असतील तर ते त्यानंतरचे. मात्र शिलकी प्रतींवर नव्या किमतीचा शिक्का मारण्याची किंवा चिठ्ठी डकवण्याची पद्धत होती, म्हणून छापील किंमत आणि शिक्क्याची किंमत यांत गल्लत करू नये. दोन्ही असतील तर छापील किंमत पुस्तकाचे वय सांगते आणि शिक्का ते किती काळ विकले गेले नाही हे सांगतो.

दुसरी खूण शुद्धलेखनाची आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि त्यांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. ‘त्यानें दार उघडलें आणि घरांत पाऊल टाकलें’ अशा धाटणीचा मजकूर असेल तर तो त्या सुमाराचा किंवा त्याआधीचा समजावा. येथे एक सावधगिरी बाळगायला हवी: जुने खिळे (छपाईची धातूची अक्षरे) आणि जुन्या सवयीचे जुळारी (ती अक्षरे जुळवणारे) असलेल्या छापखान्यांत हे अनुस्वार नंतरही काही वर्षे टिकून होते, शिवाय पुनर्मुद्रणात जुनाच मजकूर जसाच्या तसा छापला जाई. म्हणून अनुस्वार नसणे हा पुरावा अनुस्वार असण्यापेक्षा बळकट असतो.

तिसरी खूण पत्त्याची. टपालाचा सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. प्रकाशकाच्या पत्त्यात ‘मुंबई ४’ किंवा ‘पुणे २’ एवढेच असेल तर पुस्तक बहुधा त्याआधीचे, आणि सहा आकडे असतील तर निश्चितपणे त्यानंतरचे. छापखान्याचे नाव वेगळे दिलेले असेल तर तेही उतरवून घ्यावे, कारण एकाच छापखान्याची दोन-तीन पुस्तके जमली आणि त्यांपैकी एकावर साल मिळाले की इतरांचा अंदाज बांधता येतो. मलपृष्ठावर आगामी पुस्तकांची जाहिरात असते. ती यादी वहीत उतरवली की मालिकेचा क्रम हळूहळू लागत जातो. कथेतले तपशील मात्र पुराव्याला धरू नयेत. ट्रंक कॉल, टांगा आणि मैलांचे दगड हे पुनर्मुद्रणातही तसेच राहतात.

या सर्व खुणांवरून मिळालेले साल ‘सुमारे’ असे लिहूनच नोंदवावे आणि ते कशावरून ठरवले हेही शेजारी लिहावे. उदाहरणार्थ, ‘सुमारे १९५८–६२; नवे पैसे, अनुस्वार आहेत’ एवढी नोंद पुरेशी आहे.

कपाटात ठेवण्यापूर्वी

हा कागद लाकडाच्या लगद्यापासून स्वस्तात बनवलेला असतो. त्यात उरलेले लिग्निन हे लाकडातले द्रव्य हवेने आणि उजेडाने पिवळे पडते, कागदातले आम्ल वाढत जाते आणि कागद ठिसूळ होतो. ही क्रिया उलटवता येत नाही. ती मंद मात्र करता येते. उष्णता, ओल आणि ऊन या तिघांना दूर ठेवले की निम्मे काम झाले. म्हणूनच माळा ही पुस्तकांसाठी सर्वांत वाईट जागा आहे: चैत्र-वैशाखात तिथे पत्रा तापतो आणि आषाढ-श्रावणात तीच जागा गळते. भिंतीतले कपाट असेल तर पुस्तके मागच्या भिंतीला टेकवू नयेत, आणि घाटाजवळ राहणाऱ्यांनी तळमजल्यावरचा खालचा कप्पा रिकामाच ठेवावा.

नवीन आलेले प्रत्येक पुस्तक निदान महिनाभर इतरांपासून वेगळे, बंद पिशवीत ठेवावे. कसर असल्याची शंका असेल तर गोठवण्याचा उपाय करावा. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावे आणि उणे १८ अंश तापमान राखणाऱ्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नये, नाहीतर बाहेरच्या हवेतली बाष्पे थंड कागदावर जमतात. एकदारी जुन्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी नसते, तिथे हा उपाय लागू पडत नाही. कडकडीत उन्हात पुस्तके वाळत घालण्याची आपल्याकडची रीत किडे पळवते खरी, परंतु त्याच उन्हात या कागदाचे आयुष्य झपाट्याने घटते. सावलीत, वाऱ्यावर, पाने मोकळी करून ठेवणे अधिक योग्य. डांबरगोळ्यांची वाफ माणसांनाही घातक असते, म्हणून राहत्या खोलीत त्या टाळाव्यात. पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड वापरायचे असल्यास ते कापडाच्या पुरचुंडीत कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवावे, पानांमध्ये घालू नये.

धूळ मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या बाजूला झटकावी. गंजलेल्या पिना काढणे आवश्यक असते, कारण गंज कागद खातो. मधले पान उघडून पिनेच्या पायांखाली पातळ पुठ्ठ्याचा तुकडा सरकवावा, पाय सरळ करावेत आणि मागच्या बाजूने पीन हळूच ओढून घ्यावी. नंतर त्याच भोकांतून सुती दोरा ओवून पुस्तक शिवावे. पारदर्शक चिकटपट्टी मात्र कधीही लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा गोंद कागदात मुरतो आणि मग पट्टी गळून पडली तरी डाग कायमचा राहतो. फाटलेले पान जोडायचेच असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ वापरावी. जुने बांधणीकार खळीत मोरचूद घालीत असत. घरात लहान मुले असतील तर ते करू नये आणि खळ लागेल तेवढीच ताजी करावी.

पातळ पुस्तके उभी ठेवली की वाकतात, म्हणून ती आडवी, कमी उंचीच्या ढिगात किंवा खोक्यात ठेवणे बरे. प्रत्येक पुस्तकासाठी पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्यावी. वास मारणारे, चिकट होणारे पीव्हीसीचे आवरण घेऊ नये. वर्तमानपत्राचे आवरण घालणे म्हणजे आम्लधारी कागदाला आणखी आम्ल देणे होय. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या महिन्यातून एकदा बदलाव्यात.

फार ठिसूळ झालेल्या प्रतीची पाने स्वतःच्या वाचनासाठी छायाचित्रित करून घेता येतात. तिचे पान प्रत्येक वाचनात तुटत असेल तर तोच मार्ग शहाणपणाचा. ही छायाचित्रे इतरांना वाटू नयेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे राहतात, म्हणजे अर्नाळकरांच्या कथांचे हक्क २०५६ सालअखेरपर्यंत शाबूत आहेत.

पुन्हा वाचताना

सर्वांत आवडत्या आठवणीपासून आरंभ करू नये. आधी अर्धवट आठवणारे एखादे पुस्तक घ्यावे, कारण त्या काळाची लय, म्हणजे आखूड वाक्ये, प्रकरणाच्या शेवटी होणारा घात आणि तिसऱ्या पानावरच पडणारे प्रेत, अंगवळणी पडायला एक-दोन पुस्तके लागतात. पहिले वाचन एका बैठकीत करावे. ही पुस्तके तशीच वाचली जावीत म्हणून लिहिली गेली होती आणि रोज चार पाने वाचली की त्यांचा जीव जातो. नाशिकरोडहून दादरला पोहोचेपर्यंतच्या प्रवासात एक कादंबरी आरामात संपते. कसारा घाट लागेपर्यंत नायक संकटात सापडलेला असतो आणि कल्याण येईपर्यंत सुटलेलाही असतो.

या वाचनात दोन गोष्टी खटकतील. एक म्हणजे योगायोग: बंद खोलीत नायकाच्या हाताला अचानक लागणारा गुप्त कळीचा दगड बाराव्या वर्षी विलक्षण वाटला होता, आता हसू येईल. त्यात काही बिघडत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्या काळातल्या कित्येक कथांत स्त्री ही सोडवायची वस्तू किंवा फसवणारी मोहिनी असते, आणि खलनायक ओळखू यावा म्हणून त्याला कुरूप, काळा किंवा व्यंग असलेला रंगवलेला असतो. हे नजरेआड करू नये आणि त्यापायी पुस्तक फेकूनही देऊ नये. वहीत तसे स्पष्ट लिहावे. मुलांना किंवा नातवंडांना वाचून दाखवायचे असेल तर आधी स्वतः वाचून मगच निवड करावी. या कसोटीवर फास्टर फेणे इतरांपेक्षा पुष्कळच पुढे टिकतो, कारण तो मुलांसाठी लिहिलेला आहे आणि त्याचे धाडस पिस्तुलावर नव्हे, तर सायकल, कुतूहल आणि चौकसपणावर चालते.

वाचून झाल्यावर त्याच दिवशी नोंद करावी. कथा सांगण्याची गरज नाही. आठवणीतला प्रसंग पुस्तकात तसाच होता की नव्हता, एवढे लिहिले तरी पुरे. पुष्कळदा तो तसा नसतो. आपण ज्याला भुयारातला थरारक पाठलाग समजत होतो, तो मूळ पुस्तकात दीड परिच्छेदात आटोपलेला असतो आणि बाकीचे भुयार आपणच खणलेले असते. ही तुलना वहीत साठत गेली की कोणता लेखक आपल्या आठवणीहून सरस निघाला आणि कोणता नुसता वेगाने पळत होता, हे दिसू लागते. खरेदीची पुढची दिशा त्यावरूनच ठरवावी. माझे मत विचारले तर शिरवळकरांचे संवाद पुनर्वाचनात बरेच टिकतात, आणि धारपांची भीती त्यांच्या भुतांपेक्षा त्यांच्या घरांच्या वर्णनात अधिक असते.

दुबार प्रती आणि यादी

गठ्ठ्याने खरेदी झाली की दुबार प्रती येतातच. त्यांतली चांगली प्रत ठेवावी आणि दुसरी अदलाबदलीसाठी वापरावी. मात्र दोघांची मुखपृष्ठे वेगळी असतील किंवा किमती वेगळ्या असतील तर ती दुबार नव्हे, वेगळी आवृत्ती आहे, आणि दोन्ही ठेवण्यासारख्या आहेत. वाचून न आवडलेली पुस्तके अडवून ठेवू नयेत. वाचनालयाला द्यायची झाल्यास आधी विचारून, यादी दाखवून द्यावीत. न सांगता दारात ठेवलेले खोके वाचनालयालाही रद्दीतच घालावे लागते.

संग्रहाची यादी वहीबरोबरच संगणकावरही ठेवावी. तीत लेखक, शीर्षक, नायक, अंदाजे साल, कुठून मिळाले, काय दिले आणि कोणत्या खोक्यात आहे एवढे रकाने असावेत, आणि प्रत्येक मुखपृष्ठाचे छायाचित्र तिला जोडलेले असावे. या यादीची छापील प्रत घरातल्या एका तरी माणसाच्या हाती देऊन ठेवावी आणि आपल्यानंतर कोणते खोके कोणाकडे जायचे, ते तिच्यावर नावानिशी लिहावे, कारण पुढच्या दसऱ्याच्या साफसफाईत तीच एक गोष्ट रद्दीवाल्याच्या काट्याच्या आड येऊ शकते.